जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचे वंगण

नवी असताना जिच्याकडे शोरूमच्या काचेतून पाहण्यापलीकडे सामान्य पगारदाराची मजल जात नव्हती, ती वेगवान मोटार आठ-दहा वर्षांनी, आरसी बुकावर दोन-तीन मालकांची नावे चढल्यानंतर आणि किंमत मूळच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर उतरल्यानंतर, मिरा रोडच्या किंवा भाईंदरच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात कापडी कव्हराखाली येऊन उभी राहते, हे दृश्य आता नवलाईचे राहिलेले नाही. स्पोर्ट्‌स कार म्हणजे दोनच दारांची, बुटकी आणि छप्पर उघडता येणारी, असा काटेकोर अर्थ धरून बसले तर अशा गाड्या या शहरात बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. परंतु महाराष्ट्रातल्या शौकिनांनी ही पदवी व्यवहारात निराळ्याच गाड्यांना बहाल केलेली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली सोळाशे सीसीची फियाट पॅलिओ, 2004 साली बाजारात आलेली टर्बो इंजिनाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, जिच्या भावंडांची जोडणी त्या वेळच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथे होत असे, आणि पुण्याजवळच्या चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, या तिघी त्या पदवीच्या प्रमुख मानकरी होत.

अशी गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच नव्या मालकासमोर उभा राहणारा प्रश्न तेलाचा असतो, आणि त्यावर मिळणारा सल्लाही बहुधा ठरलेला असतो. नाक्यावरच्या गॅरेजातला अनुभवी मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिनाची टकटक कान देऊन ऐकतो आणि निकाल देतो, “साहेब, गाडी जुनी झाली, आता ट्वेंटी-फिफ्टी टाका, इंजिन एकदम गप्प होईल.” या सल्ल्यातली अडचण अशी की तो खरा ठरतो. ट्वेंटी-फिफ्टीसारख्या, म्हणजे 20डब्ल्यू-50 ग्रेडच्या, जाड तेलाने इंजिन खरोखरच गप्प होते; परंतु तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करणे आणि त्याची तक्रार दूर करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद न ओळखल्यास त्याची किंमत पुढे हाफ इंजिनच्या, क्वचित संपूर्ण इंजिनाच्या, बिलातून चुकती करावी लागते.

वंगणाचे कार्य धातूला बुळबुळीत करण्यापुरतेच असते, ही समजूत अपुरी आहे. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी फट असते. पंपाने त्या फटीत दाबाने सोडलेले तेल फिरत्या शाफ्टबरोबर ओढले जाऊन पाचरीच्या आकाराचा थर तयार करते, आणि त्या थराच्या दाबावर शाफ्ट धातूला न शिवता अक्षरशः तरंगत राहते. आषाढातल्या मुसळधार पावसात काशीमिऱ्यापुढच्या महामार्गावर भरधाव गाडीचे चाक डांबर सोडून पाण्यावर तरंगू लागते त्यातलेच हे तत्त्व. रस्त्यावर जे संकट, तेच इंजिनात संरक्षण. हा थर किती टिकेल हे तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे वाहण्याला विरोध करणाऱ्या दाटपणावर, अवलंबून असते, आणि श्यानता तर तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. डब्यावरचे 5डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 हे आकडे म्हणजे एसएई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने 1911 मध्ये आरंभिलेल्या वर्गीकरणाचे आजचे रूप होय. त्यातला नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो: 40 च्या तेलाची श्यानता त्या तापमानाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्सच्या दरम्यान, तर 50 च्या तेलाची 16.3 ते 21.9 च्या दरम्यान असावी लागते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा हिवाळ्याचा. गारठलेले इंजिन फिरवता येईल की नाही याची 5डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे 30 अंशांवर होते, 20डब्ल्यूची उणे 15 वर.

आता भाईंदरच्या खाडीकाठी उणे तापमानाची कल्पनाही कोणी करत नाही, तेव्हा या पहिल्या आकड्याशी आपल्याला कर्तव्य काय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि ट्वेंटी-फिफ्टीचा पुरस्कार बहुतांशी त्याच युक्तिवादावर उभा असतो. त्यात निम्मेच तथ्य आहे. ज्या तेलाला शंभर अंशांवर काम करायचे, त्याच्या दृष्टीने सकाळचे पंचवीस-तीस अंश ही थंडीच होय. 40 अंशांना चांगल्या सिंथेटिक 5डब्ल्यू-40 तेलाची श्यानता सुमारे 80 ते 90 सेंटिस्टोक्स असते, तर खनिज 20डब्ल्यू-50 ची साधारणपणे दीडशेच्या पुढे जाते. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर टर्बोच्या शाफ्टपर्यंत आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला दाट तेल अधिक वेळ घेणार, आणि इंजिनाच्या झिजेतला मोठा वाटा नेमका त्याच काही क्षणांचा असतो.

तरीही मिस्त्रीचा सल्ला खरा का ठरतो? झिजलेल्या बेअरिंगच्या वाढलेल्या फटीत दाट तेल ठाण मांडून बसते, आयडलिंगला तेलाचा दाब चढतो, हायड्रॉलिक टॅपेटची टकटक थांबते, रिंगांना चुकवून वर जाणारे तेल कमी झाल्याने निळा धूरही विरळ होतो. आणि म्हणूनच सौद्यापूर्वी विकणारा मनुष्य हाच उपाय योजतो. घेणाऱ्याने याच्या उलट वागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ताब्यात येताच, आत कोणते तेल आहे याची चौकशी न करता, ते सगळे इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून काढून टाकावे, ड्रेन नटाला नवा वॉशर लावावा, उत्पादकाने नेमून दिलेल्या ग्रेडचेच तेल व नवा फिल्टर घालावा आणि मग इंजिनाची जबानी ऐकावी. योग्य तेलातही दाब पुरेसा राहिला, पहिल्या हजार किलोमीटरांत डिपस्टिकवरची पातळी फारशी उतरली नाही, तर सौदा चांगला झाला असे समजावे. आणि नेमके तेल पडताच आवाज सुरू झाला, तर तो दोष त्या तेलाने निर्माण केलेला नव्हे, आधीच्या जाड तेलाने झाकून ठेवलेला होता. तो आत्ताच कळलेला बरा, कारण विक्रेत्याशी अजून बोलणे चालू असते.

जाड तेलाच्या याच चुकीची श्रीमंत आवृत्ती म्हणजे 10डब्ल्यू-60. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने एस54, एस65 आणि एस85 या इंजिनांसाठी हे तेल नेमून दिले; त्यांतले शेवटचे पाच लिटरचे व दहा सिलिंडरचे, मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेणारे. त्या इंजिनांची घडण आणि त्यांत निर्माण होणारी उष्णता लक्षात घेऊन केलेली ती व्यवस्था होती. डब्यावरच्या झोकदार अक्षरांना भुलून तेच तेल बाराशे सीसीच्या पोलोत ओतणारे शौकीन भेटतात तेव्हा त्यांच्या उत्साहाचे कौतुक करावे की त्या बिचाऱ्या तेलपंपाची कणव करावी, हे कळत नाही.

ग्रेड जुळला म्हणजे तेल जुळले, असेही नव्हे. ग्रेड केवळ दाटपणा सांगतो. तेलात राख किती, आम्ल मारणारे क्षार किती, झिजेला आळा घालणारे जस्त-फॉस्फरसाचे संयुग किती आणि उष्णतेत ते सारे किती टिकते, याची हमी देते ती गाडी बनवणाऱ्याची मान्यता, आणि डब्याच्या मागच्या बाजूस बारीक टाइपात छापलेला तो मजकूर हीच त्या तेलाची सनद. तोही सावधपणे वाचावा लागतो, कारण ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘मान्यतेच्या गरजा पूर्ण करणारे’ या दोन शब्दप्रयोगांत सरकारी दाखला आणि अर्जदाराचे स्वतःचे निवेदन यांच्याइतके अंतर आहे. फोक्सवॅगन समूहाच्या पेट्रोल इंजिनांसाठी व्हीडब्ल्यू 502 00 ही मान्यता दीर्घकाळ चालत आली. 150 अंशांवर, धातूच्या दोन पृष्ठांत वेगाने रगडले जात असतानाही तेलाची श्यानता 3.5 मिलिपास्कल-सेकंदांच्या खाली उतरता कामा नये, ही तिच्यातली कळीची अट. त्याच समूहाने पुढे काढलेले 508 00 हे 0डब्ल्यू-20 ग्रेडचे हिरवट तेल ही अट पाळत नाही, कारण इंधन वाचवण्यासाठी ते मुद्दामच पातळ केलेले आहे आणि त्यासाठी खास घडवलेल्या इंजिनांपुरतेच ते आहे. नवे आणि महाग म्हणून ते 2004 च्या ऑक्टाव्हियात घालणे ही ट्वेंटी-फिफ्टीच्या उलट टोकाची चूक ठरेल.

पोलोसारख्या थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत आणखी एक विशेष आहे. कमी फेऱ्यांवर वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर एकदम दाबला असता ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टनच्या कडा फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि या अवेळी पेटण्याला सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेलाचा थेंब निमित्त होतो. तेलातली कॅल्शियमयुक्त शुद्धिकारके ही प्रवृत्ती वाढवतात, मॅग्नेशियमची तितकी वाढवत नाहीत, असे आढळल्यावर तेलांचे घटक बदलले. मे 2020 मध्ये लागू झालेल्या, एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या एसपी या दर्जात या दोषाची परीक्षा अंतर्भूत आहे. तेव्हा अशा गाडीच्या डब्यावर कंपनीच्या मान्यतेबरोबर एसपी ही अक्षरेही असली तर उत्तम. इंधनाकडूनही एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे: 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 मानकाने पेट्रोलमधील गंधक दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आणले, त्यामुळे गंधकापासून होणाऱ्या आम्लाचा जाच कमी झाला आणि कमी राखेच्या, म्हणून आम्ल मारणारे क्षारही कमी असलेल्या, तेलांविषयीचा जुना आक्षेपही बराच निवळला.

ऑक्टाव्हिया आरएसचे 1.8 लिटरचे, वीस व्हॉल्व्हचे, सुमारे 150 अश्वशक्तीचे इंजिन या सगळ्या विवेचनाचे उत्तम उदाहरण आहे. याच घराण्यातले इंजिन पसाट आणि ऑडी ए4 या गाड्यांत उभे बसवले गेले, तिथे त्याच्या वाट्याला तेल कमी आले, आणि परदेशात त्या गाड्या तेलाचा गाळ धरण्यासाठी बदनाम झाल्या. ऑक्टाव्हियात ते आडवे आहे, तेल अधिक मावते, त्यामुळे धोका कमी. परंतु सुटका मात्र नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि वेगात आलेली गाडी आवारात शिरताच बंद केली की त्या तप्त शाफ्टपाशी थांबलेले तेल करपून कोळशाचे कण होतात. ते खाली चेंबरमध्ये पंपाच्या जाळीवर साचतात, आणि जाळी तुंबली की उत्तमोत्तम तेलही निरुपयोगी. वीस वर्षांची अशी गाडी घेतल्यावर ‘फ्लशिंग’ची बाटली ओतून आतली सारी घाण एका दमात मोकळी करण्याचा मोह आवरावा, कारण ती घाण जाणार त्याच जाळीकडे. त्याऐवजी योग्य तेल घालून हजार-दीड हजार किलोमीटर चालवावे, फिल्टरसह ते टाकून द्यावे, आणि पुन्हा एकदा तसेच करावे. तेल आपल्या परीने हळूहळू धुऊन काढते. संशय दाट असेल तर चेंबर उतरवून जाळी डोळ्यांनी पाहणे हाच खरा उपाय, आणि इंजिनाच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे.

मधल्या काळात तेलाची प्रकृती पाहण्यासाठी एक जुनी, फुकट आणि विश्वसनीय युक्ती आहे. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर सोडावा आणि कागद आडवा, खालून मोकळा ठेवून काही तास जाऊ द्यावे. थेंब वर्तुळे काढत पसरतो: मध्ये काळसर गाभा, त्याभोवती करडे वलय, बाहेर तेलाचा फिकट पिवळा पट्टा. काजळी गाभ्यापासून कडेपर्यंत सौम्यपणे विरत गेली असेल तर तेल अजून घाण धरून ठेवण्यास समर्थ आहे; मध्ये दाट काळा ठिपका आणि भोवती एकदम स्वच्छ रिंगण उमटले, तर तेलाने घाण सोडून दिली असे समजावे. नुसते ‘काळे पडले’ म्हणून तेल वाईट, हा निष्कर्ष मात्र घाईचा. इंजिन धुणारे तेल काळे होणारच.

मिरा-भाईंदरमधल्या गाडीचे आयुष्य कोणत्या रीतीने जाते, हेही तेल निवडताना विसरता येत नाही. आठवडाभर ती कव्हराखाली उभी असते, किंवा स्टेशनपर्यंत आणि भाजीबाजारापर्यंत तीन-चार किलोमीटरांच्या खेपा घालते. दहिसरच्या नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला तरी रांगा काही माफ झाल्या नाहीत. आणि एखाद्या रविवारी पहाटे ती अहमदाबाद महामार्गावर मनसोक्त पिटाळली जाते. छोट्या खेपांत तेल पुरेसे तापतच नाही, म्हणून त्यात मिसळलेले पेट्रोल आणि बाष्प उडून जात नाही. पावसाळ्याच्या दमट दिवसांत तेल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मलईसारखा पिवळट फेस दिसतो तो बहुधा याचाच. त्यावरून हेड गॅस्केट गेल्याचा निर्णय देण्यापूर्वी गाडी तासभर चांगली चालवून पुन्हा पाहावे, आणि कूलंटची पातळी उतरते आहे का ते तपासावे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खाली जाण्याऐवजी वर चढत असेल, तर तेल पातळ झाले हे निश्चित. पुस्तिकेत पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिले असले तरी, अशा वहिवाटीत निम्म्या अंतरावर, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाच्या आत, तेल बदलणे मला रास्त वाटते. महाग तेल दोन वर्षे चालवण्यापेक्षा मान्यताप्राप्त मध्यम किमतीचे तेल वेळेवर बदललेले केव्हाही श्रेयस्कर.

गिअरच्या तेलाचा प्रांत निराळा, आणि तिथल्या चुका अधिक चोरपावलांनी येतात. गिअरचे दाते एकमेकांवर इतक्या दाबाने घासतात की तिथे तेलाचा थर पुरा पडत नाही. म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसाची द्रव्ये घातलेली असतात, जी उष्णतेत धातूवर रासायनिक कवच चढवतात. एपीआयच्या जीएल-4 दर्जापेक्षा जीएल-5 मध्ये ही द्रव्ये साधारण दुप्पट असतात, आणि ‘पाच म्हणजे चारापेक्षा सरस’ या हिशेबाने दुकानदार तेच पुढे करतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये, जिथे दाते तिरपे घसरतात, जीएल-5 हवेच. तिथे लिमिटेड-स्लिप यंत्रणा असेल तर तिच्यासाठीचे खास तेल हवे. पण ऑक्टाव्हियाच्या किंवा पॅलिओच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर पडण्यापूर्वी त्या घासून दोन चाकांचा वेग जुळवतात. त्यांना घासण्याइतपत पकड हवी असते. अतिरिक्त गंधक पितळाला खाते, आणि अति बुळबुळीत तेलात रिंग घसरत राहते. मग दुसरा गिअर सकाळी हार्ड जातो, तिसऱ्यात करकरतो, आणि मिस्त्री क्लचवर संशय घेतो. ऑक्टाव्हियाला सिंथेटिक 75डब्ल्यू-90, जीएल-4, सुमारे दोन लिटर, एवढाच खर्च आहे. जुन्या गाडीत हे तेल कारखान्यातून निघाल्यापासून बदललेलेच नसते, असा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की ते बदलल्यावर गिअर सुधारला तर त्यात नवल मानू नये.

पोलो जीटी टीएसआयच्या बाबतीत तर नावावरून तेल ठरवणे धोक्याचेच आहे. 2013 साली आलेल्या 1.2 लिटरच्या गाडीत सात गिअरांची, कोरड्या क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आहे. 2020 मध्ये त्याच नावाने आलेल्या एक लिटरच्या गाडीत सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर. पहिलीत गिअरचे तेल वेगळे आणि क्लच हलवणाऱ्या मेकॅट्रॉनिक यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे. दुसरीत ऑटोमॅटिकचे द्रव. एकीचे दुसरीत गेले तर गिअरबॉक्सच गेला. या कोरड्या डीएसजीची एक हकिगत आपल्या हवेशी फार जवळची आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या त्या गिअरबॉक्सचे सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी परत बोलावल्या. उष्ण व दमट हवेत, वारंवार थांबत-निघत चालणाऱ्या गाडीत सिंथेटिक तेलामुळे विद्युतपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असे कारण कंपनीने दिले होते. उष्ण, दमट आणि थांबत-निघत हे वर्णन काशीमिऱ्याच्या सायंकाळचे म्हणून खपून जाईल. सिंथेटिक ते श्रेष्ठ आणि खनिज ते कनिष्ठ, असा सरसकट निवाडा करणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे, आणि त्या काळातली पोलो घेताना सर्व्हिस बुकातल्या नोंदी किंवा कंपनीच्या केंद्रातले दप्तर तपासून घ्यावे.

2017 ची ऑक्टाव्हिया आरएस 230 घेणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. तिच्या सहा गिअरांच्या डीएसजीतले क्लच तेलातच बुडालेले असतात. त्या तेलाला दात्यांचे रक्षण करायचे, क्लचला पकड द्यायची आणि त्याची उष्णताही वाहून न्यायची असते, म्हणून 60,000 किलोमीटरला फिल्टरसह ते बदलणे अनिवार्य आहे. त्याची पातळी पाहण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचे, संगणकावर तेलाचे तापमान 35 ते 45 अंशांच्या मध्ये आले की खालचा नट काढायचा; आतल्या उभ्या नळीच्या तोंडावरून जास्तीचे तेल धार धरून वाहते, धार थेंबांवर आली की नट बंद. गार असताना मोजले तर तेल फुगण्याआधीच मोजल्याने ते जास्त भरले जाते, फार गरम असताना मोजले तर कमी. ज्या गॅरेजात ही रीत विचारल्यावर मान डोलवण्यापलीकडे उत्तर येत नाही, तिथून गाडी परत न्यावी.

पावसाळ्याची एक बाब उरते. मिरा रोडच्या सखल भागात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की तापलेला गिअरबॉक्स एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून अशा प्रवासानंतर गिअरचे तेल थोडे काढून पाहावे, आणि ते दुधाळ दिसले तर गाडी चालवण्याआधी बदलावे. निघालेले जुने तेल, मग ते इंजिनाचे असो की गिअरचे, 2016 च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते. गॅरेजने ते पिंपात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते, नाल्यात ओतायचे नसते, कारण तो नाला खाडीतल्या तिवरांपर्यंत जातो. आणि रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडून मगच तो भंगारवाल्याकडे द्यावा. बनावट तेल भरून सीलबंद विकणाऱ्याला असाच अखंड, नामांकित छापाचा डबा हवा असतो.